दुसऱ्याची ठेव

आमच्या भजनी मंडळाचं ईमेल खातं मी सांभाळते. शाळेतून निवृत्त झालेली बाई म्हणजे हिशेब आणि कागद तिच्याकडे, हे वडाळ्यात सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलेलं. पंढरपूरची तिकिटं, धर्मशाळेच्या पावत्या, बायकांच्या आधार कार्डांचे फोटो, कुणाला कुठल्या गोळ्या चालू आहेत त्याची यादी, सगळं त्यात. या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावू या, असं मी म्हटलं तेव्हा मंडळातल्या एक आजी हसल्या. "अगं, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? सगळं त्याचंच." त्याचं म्हणजे विठोबाचं.

हे वैराग्य ऐकायला गोड लागतं, पण मला पटत नाही. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला चारुदत्त असाच निष्कांचन. शर्विलक भिंत फोडून त्याच्या घरात शिरतो, तेव्हा चारुदत्ताचं स्वतःचं म्हणून चोरण्यासारखं तिथे काही नसतंच. जातात ते वसंतसेनेने विश्वासाने ठेवायला दिलेले दागिने. चोर रिकाम्या हाताने गेला नाही, याचं चारुदत्ताला आधी बरंच वाटतं! मग ध्यानात येतं की ती ठेव होती, आणि तो कोसळतो. गरिबाच्या घरी चोरी झाली, हे खरं कोण मानणार? शेवटी त्याची बायको धूता आपला रत्नहार भरपाईला देते. स्वतःच्या वस्तूबद्दल निर्मोही असणं संतपण असेल. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल निर्मोही असणं हा शुद्ध हलगर्जीपणा.

मंडळातल्याच एका काकूंचं खातं असं गेलं. 'जागा भरली आहे, खातं बंद होईल' असा मेल आला, मेलमध्ये दिलेल्या जागी त्यांनी पासवर्ड टाकला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना निरोप गेला की मी रुग्णालयात आहे, फोन बिघडलाय, पैसे पाठवा. भाच्याने विचार न करता पाठवले. पासवर्ड बदलल्यावरही मेल चोराकडे जातच होते, कारण प्रत्येक मेलची प्रत परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जावी अशी सोय त्याने सेटिंग्जमध्ये करून ठेवली होती. तेवढं तपासायचं कुणाला सुचतं? शिवाय इतर अनेक ठिकाणचा पासवर्ड विसरला की नवा ठरवायची वाट बहुधा याच खात्यातून जाते. काकू भाच्याचे पैसे पेन्शनमधून फेडायला निघाल्या, तो घेईना. मला धूता आठवली.

आजींचा दुसरा आक्षेप जास्त खोल होता. सतत संशय घेत जगायचं, तर श्रद्धेचं काय? गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयी माणसाचा नाश सांगितलाच आहे. ज्या देवलांनी 'मृच्छकटिक' मराठी रंगभूमीवर आणलं, त्यांनीच 'संशयकल्लोळ' लिहून संशयाने घराचा कसा तमाशा होतो तेही दाखवलं. पण त्यातला फाल्गुनराव संशय घेतो तो माणसावर. भाच्याने काकूंच्या शेजारणीला एक फोन करून विचारलं असतं, तर तो काकूंवरचा अविश्वास कसा झाला असता? निरोप खोटा असू शकतो, एवढंच त्याने मानलं असतं, तेही काकूंवरच्या मायेपोटी.

पासवर्डातही आमची भक्ती आड येते. विठोबाचं नाव आणि जन्मसाल, निम्म्या मंडळाचा हाच पासवर्ड असावा. वारकऱ्यांचा मंत्र मुळी गुपित नाहीच. तुकोबांना स्वप्नात मिळालेला रामकृष्णहरी आषाढीला आमच्या विठ्ठल मंदिराच्या रांगेत सगळे मोठ्याने म्हणतात, आणि तो तसाच म्हणायचा असतो. मग कुलपाला तो कसा चालेल? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्यावेत, आणि ते दुसऱ्या कुठल्याही खात्याला वापरू नयेत.

काकूंनी तक्रार केली तो सायबर फसवणुकीचा नंबर १९३०. आमच्या वडाळ्याला हा आकडा वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. १ जून १९३० ला इथल्या मिठागरांवर सुमारे १५ हजार माणसं चालून गेली. सरकारच्या लेखी तीही लूटच. पण आपण मिठाचा कायदा मोडणार हे गांधीजींनी २ मार्चलाच व्हाइसरॉयला पत्राने कळवलं होतं. जे करायचं ते आधी सांगून करता येतं का, अस्तेयाची, म्हणजे चोरी न करण्याची, एवढी सोपी कसोटी मला दुसरी सापडलेली नाही.

चोराकडे मात्र मला सरळ रागाने बघता येत नाही. शर्विलकाने चोरी केली ती प्रेयसी मदनिकेला दास्यातून सोडवायला. आजच्या टोळ्यांतही स्वतः गुलाम असलेली मुलं आहेत. नोकरीच्या आमिषाने म्यानमारच्या सीमेवर नेऊन फसवणुकीच्या कामाला जुंपलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. काकूंच्या नावाने निरोप लिहिणारा असाच कुणी असेल का?

मी हे बोलले तेव्हा काकू पसायदानाला उभ्या राहत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे हे त्याच्यासाठीही मागायचं?"

"हो."

"मग तक्रार मागे घेऊ?"

"नको. पैसे भाच्याचे आहेत, काकू. माफ करायचे तर त्याने करावेत."