त्याची गरज कोणाला आहे?

व्यसनमुक्तीवरच्या परिसंवादांत हल्ली एक विधान हमखास ऐकू येतं: माणूस एकाकी असतो म्हणून व्यसनी होतो, त्याला नाती द्या, तो सुटेल. व्यसन म्हणजे इच्छाशक्तीचा अभाव, असं अजूनही म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि अफूजन्य नशेच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी जीव वाचत असले, तरी औषधाने सगळं भागतं असं ती देणारे डॉक्टरही म्हणत नाहीत. पण हे ‘नाती द्या’ प्रकरण तपासायलाच हवं, कारण त्याचा भुर्दंड भलत्याच माणसांना पडतो.

या मताला आधार म्हणून उंदरांचा प्रयोग सांगितला जातो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी काही उंदीर पिंजऱ्यांत एकेकटे ठेवले, काही प्रशस्त जागेत सोबत्यांसह. एकटे उंदीर मॉर्फिनचं गोड पाणी जास्त प्यायले, सोबत असलेले कमी. पुढे इतरांनी हा प्रयोग केला तेव्हा दर वेळी तेच निष्कर्ष आले नाहीत. तेही बाजूला ठेवू. उंदरांच्या त्या वसाहतीत कोणी कोणाचा विश्वासघात केला नव्हता. आपल्याकडे व्यसनमुक्ती केंद्रातून परतणारा माणूस ज्या घरात शिरतो, तिथे त्याने बायकोचं मंगळसूत्र विकलेलं असतं, बहिणीच्या लग्नाचे पैसे उडवलेले असतात, आईच्या शपथा मोडलेल्या असतात. इथे नाती आहेतच. ती पोळलेली आहेत.

दुसरा दाखला व्हिएतनामचा. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७१नंतर मागोवा घेतला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले जेमतेम पाच टक्के पुन्हा व्यसनाधीन झाले. घरची माणसं भेटली म्हणून ते सुटले, असा अर्थ काढला जातो. पण एकमेकांसाठी जीव देणारे सोबती त्यांना युद्धभूमीवरही होते. हेरॉइन तिथे स्वस्त होतं, हाताशी होतं, आणि त्या सोबत्यांमध्येच ओढलं जात होतं. परतल्यावर ते सगळंच मागे पडलं. आपल्या शहरांतला गर्दुल्लाही एकटा नसतो. पहिला झुरका बहुधा मित्रच देतो. टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याची तळमळ, सुरू झाली की स्वतःच्या पन्नीतलं थोडं देणाराही मित्रच असतो. ते नातं नाही असं कोण म्हणेल?

आणि घर? तळमळणारा मुलगा बघवत नाही म्हणून आई पैसे देते. ‘त्यांना ताप आहे’ असं बायको ऑफिसला कळवते. भाऊ उधारी फेडतो. माया कमी नाही. तिचंच पांघरूण झालंय. अशा घरात माणूस पुन्हा घसरला की नातेवाईक बायकोलाच विचारतात, ‘तुझं कुठे कमी पडलं?’ एकाकीपणाचा सिद्धान्त नकळत याच प्रश्नाला शास्त्राचा मुलामा देतो. मला त्याची चीड येते ती यासाठी.

मग नात्यांचा काहीच हात नाही का? फार मोठा आहे. पण नात्यांत एक फरक करावा लागतो: ज्यात त्याला सांभाळलं जातं ती नाती वेगळी, आणि ज्यात त्याच्यावाचून कोणाचं तरी अडतं ती वेगळी. व्यसन पहिल्या प्रकारावर वर्षानुवर्षं पोसलं जाऊ शकतं. सुटलेला माणूस टिकतो तो बहुधा दुसऱ्यावर.

१९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एका हॉटेलात एकटा होता. धंद्यातला व्यवहार फिसकटलेला, दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले, आणि बारमधले आवाज लॉबीत येत होते. त्याने तिथल्या चर्चांना फोन लावायला सुरुवात केली. त्याला धीर देणारा माणूस नको होता. ज्याला आपण मदत करू शकू असा दुसरा दारुडा हवा होता. त्यातून तो डॉक्टर बॉब स्मिथपर्यंत पोचला आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस जन्मली. आपल्याकडे १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. पण तिथे बरे झालेले कितीतरी जण पुढे कार्यकर्ते होऊन नव्याने आलेल्यांना सावरतात, हे मला कोणत्याही उपचाराइतकंच मोलाचं वाटतं.

घरी मात्र उलट घडतं. केंद्रातून आलेल्या माणसाला गरम चहा हातात मिळतो, कपाटाची किल्ली मात्र बायकोच्या कमरेला असते आणि पर्स डाळीच्या डब्यात. दूध आणायलाही त्याला कोणी धाडत नाही. ही सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. तिला मी नावं ठेवणार नाही. पैसे लगेच हाती देऊ नयेत हेही खरं, आणि मारझोड सोसत कोणीही नातं टिकवू नये. पण वेळ तर सोपवता येते. मुलीला शाळेतून आणणं, वडिलांच्या गोळ्यांचं वेळापत्रक, मीटिंगला नव्याने आलेल्याला सोबत: अशी कामं, जी त्याने केली नाहीत तर खरोखर कोणाचा तरी खोळंबा होईल. एखाद वेळी तो होईलही. तो धोका पत्करल्याशिवाय विश्वास परत येत नाही.

म्हणून व्यसनातून उठू पाहणारा कोणी तुमच्या घरात असेल, तर त्याच्यावर किती जणांचं प्रेम आहे हे मोजत बसू नका. उद्या सकाळी कोणाचं कोणतं काम त्याच्यावाचून अडणार आहे ते ठरवा, आणि ते त्याला आज रात्रीच सांगा.