एका खुर्चीचं तिकीट

परदेशात एकटीने पॉप गाण्यांच्या कार्यक्रमाला गेले होते असं सांगितलं, की गाणं कसं झालं हे कुणी आधी विचारत नाही. ‘एकटीच?’ हा पहिला प्रश्न. त्यात काळजी असते आणि थोडी कीवही असते. संग्रहालयात किंवा देवळात एकटं गेलेलं आपल्याला चालतं. हजारो माणसं एका सुरात ओरडणार तिथे मात्र सोबत हवीच, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, ही समजूत तपासून पाहायला हवी. एकट्या माणसाला गर्दीत सामावून घ्यायला ओळखदेख लागत नाही, रीत लागते. हे मला तोक्योच्या बुडोकान सभागृहात समजलं.

बुडोकान म्हणजे मुळात युद्धकलांचं सभागृह. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा पहिल्यांदाच समावेश झाला, त्यासाठी ते बांधलं. जुन्या एदो किल्ल्याच्या आवारात, खंदकाच्या आत, अष्टकोनी इमारत आणि छपरावर कांद्याच्या आकाराचा कळस. १९६६ साली इथे बीटल्स गायले, तेव्हा या वास्तूत असलं संगीत नको म्हणून मोठा विरोध झाला होता आणि कार्यक्रम कडक पोलीस बंदोबस्तात पार पडले. आज चित्र पार पालटलं आहे. एरिक क्लॅप्टनने २०२३ मध्ये इथला आपला शंभरावा कार्यक्रम केला. ‘एकदा बुडोकानला गायचं’ हे तर कितीतरी जपानी गायकांचं आयुष्याचं स्वप्न असतं. ऐकणाऱ्यांनाही ते ठाऊक असतं, म्हणून तेही जरा नटून, जरा गंभीर होऊन येतात. बाहेर चाहत्यांनी वर्गणी काढून पाठवलेल्या फुलांच्या मोठमोठ्या रचना उभ्या असतात.

रीत सुरू होते तिकिटापासून. लोकप्रिय कार्यक्रमांची तिकिटं तिथे बहुधा सोडतीने मिळतात. आधी चाहता मंडळाच्या सभासदांची सोडत, मग इतरांची. सोडतीत नाव लागलं, की कित्येकदा लॉसनसारख्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिथल्या यंत्रातून तिकीट घ्यायचं. चढ्या भावाने तिकिटं विकण्याविरुद्ध जपानात कायदा आहे, तो जून २०१९ पासून लागू झाला. या सगळ्याचा परिणाम असा, की शेजारच्या खुर्चीवर कोण येणार हे पैसा किंवा वशिला ठरवत नाही. खूप जण एकेकटेच अर्ज भरतात आणि एकेकटेच येतात. माझ्या रांगेत शाळेच्या गणवेशातली मुलगी होती, कार्यालयातून थेट आलेला सूटमधला गृहस्थ होता, आणि डावीकडे पन्नाशीच्या एक बाई. कुणाबरोबर कुणी नव्हतं.

दिवे मंदावण्याआधी फोन पिशवीत गेले. चित्रण करायचं नसतं, आणि कुणी करतही नव्हतं. मग हातांत रंग बदलणारे प्रकाशदंड आले. कार्यक्रम गायिकांच्या एका गटाचा, आणि त्यातल्या प्रत्येक गायिकेचा रंग ठरलेला. ती पुढे आली की सभागृह त्या रंगाचं होतं. दंड छातीच्या उंचीवरच हलवायचा, मागच्याला रंगमंच दिसला पाहिजे. माझ्याकडे दंड नव्हता. शेजारच्या बाईंनी आपल्याकडचा जास्तीचा माझ्या हातात दिला, कळ दाबून रंग कसा बदलायचा ते दाखवलं आणि पुन्हा समोर पाहू लागल्या. नाव, गाव, काही विचारलं नाही. मला जपानी येत नाही, त्यांना माझी भाषा येत नव्हती, आणि पुढचे दोन तास त्यामुळे काही अडलं नाही. टाळी कुठे पडते आणि गाण्यातल्या कोणत्या मोकळ्या जागी हाक द्यायची, हे दुसऱ्या कडव्यापर्यंत अंगात भिनतं. वारीत अनोळखी माणूस दिंडीत शिरतो, पुढच्याचं पाऊल पाहून पाऊल टाकतो आणि थोड्याच वेळात वारकरी होतो, तसंच ते होतं.

इथे कुणी म्हणेल, मग एकटीने जाण्यात विशेष काय? मैत्रिणीबरोबरही हे झालंच असतं. माझा अनुभव असा, की अर्धंच झालं असतं. सोबत कुणी असलं की आपलं अर्धं लक्ष त्या माणसाला कसं वाटतंय याकडे असतं. तिला कंटाळा तर आला नाही ना, तिला पाणी हवंय का, दोन गाण्यांच्या मध्ये काहीतरी बोलायला हवं. ही माया आहे आणि मला ती प्रिय आहे, पण ती ऐकण्याच्या वेळातून वजा होते. एकटीचं सगळं लक्ष गाण्याकडे जातं, आणि उरलेलं त्या चौफेर पसरलेल्या अनोळखी श्वासाकडे.

रीत किती खोल गेलेली आहे, हे करोनाच्या काळात दिसलं. जपानात तेव्हा कार्यक्रमांत ओरडायला बंदी होती. लोक मुखपट्टी लावून आले, गप्प बसले आणि फक्त टाळ्यांनी उत्तर देत राहिले. पूर्ण भरलेल्या सभागृहातही मोकळेपणाने आवाज द्यायची परवानगी जानेवारी २०२३ च्या अखेरीस मिळाली. इतका काळ मुक्याने एकत्र येणारे श्रोते मला फार मोठे वाटतात.

या शिस्तीला किंमत आहे, हेही सांगायला हवं. मार्गिकेत उतरून कुणी नाचत नाही, आणि ज्यांना मोकाट जल्लोष हवा त्यांना हे आखडलेलं वाटेल. पण रात्री परक्या शहरात एकट्या बाईला जी निर्धास्ती लागते, ती याच शिस्तीतून मिळते. कार्यक्रम संपल्यावर एकेक विभाग पुकारून बाहेर सोडतात, धक्काबुक्की नाही. आमचा विभाग पुकारल्यावर मी बाईंना दंड परत दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकल्या आणि निघून गेल्या. कुदानशिता स्थानकाकडे उतरणारा तो लोंढा शांतपणे खाली गेला, मीही त्यातच होते.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक बहिणीला, मैत्रिणीला माझं सांगणं आहे: सोबत मिळेपर्यंत थांबू नका, एका खुर्चीचा अर्ज भरा. आणि पासपोर्ट जवळ ठेवा, पुष्कळ ठिकाणी दारावर तिकिटावरचं नाव ताडून पाहतात.