माशाच्या तेलाची गोळी आणि पहिले शील



कुवेतहून सुट्टीवर निघताना तुमच्या बॅगेत खजुराबरोबर माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची एखादी बाटली असेलच. "आईच्या हार्टला चांगली" म्हणून आपण ती प्रेमाने नेतो. पण वंदनेच्या वेळी आपणच पहिले शील घेतो, प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे. मग ही गोळी चालते का?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसा समजावताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद केला आहे. बुद्धांची अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. तत्त्व विचार करून लावायचे असते. म्हणून आधी विचारा, इथे खरोखर गरज आहे का?

उत्तर पुराव्यात शोधू. २०१८ मध्ये दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. अमेरिकेतील 'व्हायटल'मध्ये २५,८७१ माणसे होती, ब्रिटनमधील 'असेंड'मध्ये मधुमेहाचे १५,४८० रुग्ण होते. हृदयविकार नसलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना काही वर्षे रोज १ ग्रॅम कॅप्सूल दिली. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून पाहिले, तर लक्षणीय फरक पडला नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्यांना डॉक्टर जास्त मात्रेचे औषध देतात, तो विषय वेगळा. ते स्वतःच्या मनाने बंद करू नका.

"आपण पापलेट, सुकट खातोच की," असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. सुकटीने गरिबाच्या भाकरीला आधार दिला, ती भूक होती. या तेलासाठी मात्र पेरूच्या समुद्रातले इवलेसे मासे लाखो टनांनी पकडले जातात. फायदाच नसेल, तर ते जीव आपल्या भीतीपायी जातात. म्हणजे शील पाळायलाही आधी प्रज्ञा लागते. कालामांना तथागतांनी हेच सांगितले: कोणी सांगितले म्हणून मानू नका.

मीही तीन वर्षे आईसाठी बाटली नेली. तिची बीपीची गोळी पैसे वाचवण्यासाठी महिनोन्महिने बंद होती, हे मी कधी विचारलेच नाही. बाटली देऊन मी निश्चिंत झालो होतो. करुणा वस्तूत नसते, विचारपूस करण्यात असते.

या शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा एवढेच विचारा: "आई, बीपी कधी तपासलंस? गोळ्या संपल्या नाहीत ना? मिश्री सुटली का?" बाटलीचे पैसे त्या गोळ्यांसाठी पाठवा.

नमो बुद्धाय! जय भीम!