शक्ती राहते कुठे?

२६ जून २००८ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता. महाविद्यालयांतून आणि परदेशांतून आलेल्या तरुण खेळाडूंना तीस संघ पाळीपाळीने उचलतात, तो हा कार्यक्रम. चौथी पाळी सिअ‍ॅटल सुपरसॉनिक्सची होती. त्यांनी नाव घेतले रसेल वेस्टब्रुकचे, आणि अनेक जाणकारांच्या भुवया उंचावल्या. पोरगा १९ वर्षांचा. यूसीएलए विद्यापीठाकडून दोन वर्षे खेळलेला. त्यातले पहिले वर्ष बहुतेक बाकावर गेलेले, सामन्यामागे सरासरी ३.४ गुण. दुसऱ्या वर्षी सरासरी १२.७ वर गेली, तरी पॉइंट गार्डची जागा डॅरेन कॉलिसनचीच होती. कॉलिसन जखमी असताना हंगामाच्या सुरुवातीचे काही सामने वेस्टब्रुकने ती सांभाळली होती. सॉनिक्सना मात्र तो हवा होता नेमका त्याच जागेसाठी.

पॉइंट गार्ड हा बास्केटबॉलमधला सूत्रधार. चेंडू तो आणतो, चाल तो ठरवतो. कोण मोकळा होणार आहे हे तो खेळाडू मोकळा होण्याआधी त्याला कळावे लागते. उडी, वेग, खांद्यातला जोर ही कौतुकाची गोष्ट खरी, पण हे काम डोळ्यांचे आणि धीराचे. ज्याने ते फारसे केलेलेच नाही, त्याला ते जमेल हे कशावरून म्हणायचे?

शरीराबद्दल शंका नव्हतीच. माध्यमिक शाळेत दाखल झाला तेव्हा जेमतेम पाच फूट आठ इंच असलेला हा मुलगा शाळा संपता संपता वाढला आणि सहा फूट तीन इंचांवर पोचला. २००८ मध्ये पॅक-टेन या महाविद्यालयीन गटातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याची निवड झाली होती. स्काउट मंडळी, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारी माणसे, अशा मुलाला एका शब्दात बसवतात: कच्चा. कच्चा म्हणजे आज नाही, पण उद्या असेल. आणि इथेच खेळाचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा होतो. उद्याची ती गोष्ट आज कुठे आहे? मुलाच्या अंगात दडलेली आहे, की अजून अस्तित्वातच नाही?

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणतो. त्यामागे एक पक्के मत आहे: जे पुढे होणार ते आधीपासून असतेच, फक्त ओळखणारा डोळा हवा. सांख्यांनी हेच मत काटेकोर युक्तिवादाने मांडले. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सत्कार्यवाद आहे: कार्य आपल्या कारणात आधीच असते, नंतर ते फक्त प्रकट होते. तेल तिळातून निघते, वाळूतून नाही, कारण तिळात ते आहे. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नाही. घडा मातीत नव्हता, ते म्हणतात. तो नव्याने उत्पन्न झाला. घडण्यापूर्वी त्याचा प्रागभाव, म्हणजे आधीचा अभाव, होता. माती हे त्याचे समवायी कारण, म्हणजे ज्याचा तो घडतो ते द्रव्य, पण कुंभार, चाक, दांडा यांच्यावाचून मातीची कितीही रास पडली तरी घडा होत नाही.

बहुतेक स्काउट नकळत सांख्य असतात. ‘त्याच्यात आहे’ किंवा ‘त्याच्यात नाही’ अशीच त्यांची भाषा. त्यांना दोष देता येत नाही, कारण तिळाचा मुद्दा खोटा नाही. सहा फूट तीन इंचांच्या शरीरातला तो वेग शिकवून कोणी आणू शकत नाही. पण सॉनिक्सना हवा होता तो संघाचा सूत्रधार, आणि तो त्या रात्री कुठेही नव्हता. तिथे नैयायिकच बरोबर होते.

अ‍ॅरिस्टॉटलने इथे आणखी एक बारकावा दाखवला आहे, आणि कच्च्या खेळाडूची पारख करताना त्याच्याइतके उपयोगी क्वचितच काही सापडेल. आत्म्यावरच्या ग्रंथात तो म्हणतो की एखाद्याला ज्ञानी म्हणण्याचे दोन अर्थ आहेत. एक जण केवळ माणूस आहे म्हणून व्याकरण शिकू शकतो. दुसरा व्याकरण शिकलेला आहे, सध्या वापरत नाही इतकेच; मनात आले की वापरेल. दोघांकडेही क्षमता आहे, पण जात वेगळी. दुसऱ्याला फक्त संधी हवी, पहिल्याला आधी बदलावे लागेल. वेस्टब्रुकची उडी दुसऱ्या जातीची: आत्ता आहे, हवी तेव्हा हजर. त्याची खेळ वाचण्याची नजर पहिल्या जातीची: शिकू शकेल अशी. चूक होते ती दोन्ही एकाच वहीत एकाच शाईने लिहिल्यामुळे. दरवर्षी होणाऱ्या ड्राफ्टपूर्व चाचण्यांत उंची, हातांचा पसारा, उडी आणि धावण्याचा वेग इंचांत नि सेकंदांत नोंदला जातो. त्या आकड्यांच्या आधाराने मग शिकण्याबद्दल अंदाज बांधला जातो, जणू एका क्षमतेचे माप दुसरीला लागू पडते.

मोजमापातले अपयशही तितकेच फसवे असते. २००७ च्या चाचणीत केव्हिन ड्युरंटला १८५ पौंडांची, म्हणजे सुमारे ८४ किलोंची बेंच-प्रेस एकदाही उचलता आली नव्हती. सिअ‍ॅटलने तरी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले, आणि २०१४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

वेस्टब्रुकच्या बाबतीत पुढे जे घडले ते मुळापासून पाहण्यासारखे आहे. ड्राफ्टनंतर आठवड्याच्या आत संघाचे सिअ‍ॅटलशी असलेले नाते संपले आणि संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, थंडर या नव्या नावाने. पहिल्या हंगामात सुरुवातच इतकी वाईट झाली की तेरापैकी बारा सामने हरल्यावर प्रशिक्षक बदलावा लागला. हंगामाअखेर २३ विजय आणि ५९ पराभव. वेस्टब्रुक सामन्यामागे तीनहून अधिक वेळा चेंडू गमावत होता आणि दहांतले जेमतेम चार फटके बास्केटमध्ये जात होते. तरी चेंडू त्याच्या हातून काढून घेतला गेला नाही. तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला. पुढल्या वर्षी साहाय्यक प्रशिक्षक म्हणून मॉरिस चीक्स आला, जो स्वतः १९८३ च्या विजेत्या फिलाडेल्फियाचा पॉइंट गार्ड होता. त्या हंगामात वेस्टब्रुकचे असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट मिळवून देणारे पास, सामन्यामागे आठवर गेले आणि संघाने ५० सामने जिंकले.

महाव्यवस्थापक सॅम प्रेस्टीने मुलातली शक्ती अचूक ओळखली, अशी ही कथा साधारणपणे सांगितली जाते. ओळखली हे खरे, पण अर्धेच खरे. ज्यांनी ओळखली त्यांनीच चेंडू हातात दिला, पराभव सोसले, शिक्षक आणला, वाट पाहिली. त्यांचे भाकीत हे त्याच भाकिताच्या खरे ठरण्याचे एक कारण होते. घड्याबद्दल निवाडा देणारा इथे स्वतःच कुंभार होता. उंची मोजणारी पट्टी मुलाची उंची वाढवत नाही. ‘हा होईल’ असे म्हणून त्याला मैदानावर ठेवणारा माणूस मात्र त्याच्या होण्यात हात घालतो. म्हणून कोणाच्या क्षमतेबद्दल बोलणे म्हणजे हवामान सांगणे नव्हे. ते शब्द देणे आहे, आणि दिलेला शब्द पाळावा लागतो. नाकारणाऱ्यावरही हा भार येतो. ‘याच्यात नाही’ असे म्हणून ज्याला बाकावर बसवले, त्याच्या न होण्यात ते म्हणणाऱ्याचा वाटा असतो, आणि तो वाटा कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

पुढच्याच वर्षीच्या, २००९ च्या, ड्राफ्टमध्ये मिनेसोटाकडे पाचवी आणि सहावी अशा लागोपाठ दोन पाळ्या होत्या. दोन्ही वेळा त्यांनी पॉइंट गार्डच घेतले: स्पेनचा रिकी रुबिओ आणि सिरॅक्यूसचा जॉनी फ्लिन. फ्लिन चपळ, दमदार; त्याच मार्चमध्ये सहा जादा डावांपर्यंत लांबलेल्या सामन्यात तो ६७ मिनिटे खेळला होता. सातव्या पाळीला गोल्डन स्टेटने डेव्हिडसन या लहानशा महाविद्यालयाचा सडपातळ स्टीफन करी घेतला. त्याच्या अंगकाठीबद्दल आणि संघ चालवण्याच्या कुवतीबद्दल शंका होत्या. करी पुढे लीगमधला एक थोर खेळाडू ठरला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण या गोष्टीवरून मिनेसोटाला वेड्यात काढणे अन्यायाचे होईल. फ्लिनने पहिल्या वर्षी सामन्यामागे साडेतेरा गुण केले. २०१० मध्ये त्याच्या कमरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर तो वेग परतला नाही. तीन हंगामांत त्याची एनबीए संपली. त्याच्यात नव्हते, असे म्हणायचे का?

मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद इथे जिवंत होतो. अग्नी जाळतो. विशिष्ट मणी जवळ ठेवला की तोच अग्नी जाळत नाही. मणी दूर केला की पुन्हा जाळतो. मीमांसक म्हणतात, अग्नीच्या रूपाहून वेगळी अशी दाहशक्ती मानलीच पाहिजे. मण्याने ती नाहीशी होते आणि मणी हलवल्यावर पुन्हा उपजते. नैयायिक म्हणतात, अशा अदृश्य शक्तीची गरज नाही. अग्नी तोच आहे. दाहाच्या कारणांमध्ये ‘प्रतिबंधकाचा अभाव’ हेही एक कारण धरा, म्हणजे झाले. अडथळा नसणे हे होण्याचे कारण असते, हा विचार दिसतो त्याहून फार खोल आहे. यशस्वी खेळाडूच्या चरित्रात न मोडलेल्या गुडघ्यावर प्रकरण नसते.

मोडलेल्या गुडघ्याचे प्रकरण शॉन लिव्हिंग्स्टनच्या आयुष्यात आहे. इलिनॉयमधल्या पिओरिया गावचा, सहा फूट सात इंच उंचीचा हा पॉइंट गार्ड २००४ मध्ये शाळेतून थेट एनबीएत आला, चौथ्या क्रमांकावर. २६ फेब्रुवारी २००७ रोजी लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून खेळताना उडी घेऊन खाली येताना त्याचा डावा गुडघा असा मोडला की पाय वाचेल की नाही अशीही भीती होती. त्यानंतर अनेक संघ, अल्प मुदतीचे करार, दुय्यम लीगमधले सामने. २०१४ मध्ये तो गोल्डन स्टेटला पोचला, आणि २०१५, २०१७ व २०१८ ही तीन अजिंक्यपदे त्याच्या नावावर आहेत. पूर्वीची झेप उरली नव्हती. उरली होती ती नजर, आणि ठेंगण्या गार्डला पाठीवर घेऊन वळत शांतपणे टाकलेला फटका. ज्या झेपेवर लोक भाळले होते ती गेल्यावर त्याच्यातला पॉइंट गार्ड स्पष्ट दिसू लागला.

जैन आचार्यांनी या प्रश्नाची सर्वांत कठोर बाजू पाहिली. जीव दोन प्रकारचे: मोक्षाची योग्यता असलेले भव्य, आणि ती नसलेले अभव्य. पण भव्य असूनही ज्यांना मोक्षाची सामग्री कधीच लाभणार नाही, असेही जीव त्यांनी मानले. योग्यता आहे, योग नाही, आणि कधी येणारही नाही. कोणता जीव कोणत्या प्रकारचा, हे निःशंकपणे जाणतो तो केवळज्ञानी, म्हणजे सर्वज्ञच. मग मुनीने काय करायचे? उपदेश सर्वांना करायचा. पारख करून शिकवायचे नाही; पारख आपल्या आवाक्यातली नाही हे जाणून शिकवायचे.

एनबीएला ही मुभा नाही. ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्या असतात, जागा मोजक्या, पैसा अफाट. निवड करावीच लागते आणि निवड म्हणजे नकारही. पण शाळेच्या आणि मोहल्ल्याच्या कोर्टवर तशी सक्ती नसते. लॉस एंजेलिसजवळच्या ल्यूझिंजर शाळेत वेस्टब्रुकबरोबर त्याचा एक जिवलग मित्र खेळायचा. महाविद्यालयांचे लक्ष आधी गेले ते त्या मित्राकडे. मे २००४ मध्ये, सोळाव्या वर्षी, साधा मैत्रीचा सामना खेळताना तो कोसळला आणि गेला. हृदय वाढलेले होते, हे नंतर कळले. वेस्टब्रुक त्याच्या आद्याक्षरांचा पट्टा मनगटावर घालून वर्षानुवर्षे खेळत आला. त्या कोर्टवर ज्याच्याकडे सर्वांचे डोळे होते तो राहिला नाही, आणि ज्याच्याकडे नव्हते तो २०१७ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, संपूर्ण हंगामात ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट अशी सरासरी राखून. तिन्ही आकडे दोन अंकी ठेवणे त्याआधी फक्त ऑस्कर रॉबर्टसनला साधले होते, १९६१-६२ मध्ये.

तरी वेस्टब्रुकबद्दलचा निवाडा पूर्ण झाला असे कोणी म्हणू शकत नाही. लांबून बास्केट करण्याचे कसब शिकवल्याने येईल अशी आशा २००८ मध्येही होती. तीन गुणांच्या फटक्यांत त्याचे यश सगळ्या कारकीर्दीत तीस टक्क्यांच्या आसपासच राहिले. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या विनाअडथळा फटक्याची, गोष्ट तर आणखी विलक्षण. हा फटका अंगात मुरलेला, अ‍ॅरिस्टॉटलच्या दुसऱ्या जातीचा. २०१६-१७ मध्ये त्याचे यश ८४ टक्क्यांहून अधिक होते. दोन फ्री थ्रोंच्या मधे पार हाफ कोर्टच्या दिशेने चालत जाऊन परत येण्याची त्याची सवय होती. पुढच्या हंगामापासून दोन फ्री थ्रोंमध्ये तीन गुणांच्या रेषेबाहेर जाण्याला लीगने मनाई केली. हात तोच, अंतर तेच, बास्केटची उंची तीच. त्या हंगामात यश ७४ टक्क्यांच्या खाली उतरले, आणि त्याच्या पुढच्या हंगामात ६६ टक्क्यांच्याही खाली. अनेकांनी याचा संबंध त्या काढून घेतलेल्या चार पावलांशी जोडला. मीमांसक म्हणेल, शक्ती गेली. नैयायिक रेषेकडे बोट दाखवील.