टेबलाची जात

२०२३ साली मुंबईत पवईच्या आयआयटीत हॉस्टेलच्या कँटीनात कागद चिकटले : इथं फक्त शाकाहारींनीच बसावं. पुढं मेसनं काही टेबलंच राखून ठेवली. तिथं सामिष खाऊन विरोध करणाऱ्या एका पोराला १०,००० रुपये दंड.

काय खावं, हा ज्याचा त्याचा हक्क. कबूल. पण शेजारी कोण बसू नये हे ठरवायचा हक्क कुठनं आला? म्हणे वास येतो. आमच्या मिलमध्ये सुक्या बोंबलाचा डबा उघडला की कुणी नाक दाबतो, कुणी हात पुढं करतो. वास धुतला की जातो. राखीव टेबल कशानं धुणार?

२० मार्च १९२७. चवदार तळ्याचं पाणी पिऊन आलेली आपली माणसं महाडात मंडपात जेवत होती. कुणाच्या पंगतीत घुसली नव्हती, आपलंच अन्न खात होती. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, जमाव काठ्या घेऊन आला, अन्न मातीत गेलं.

कुणी म्हणेल, सहभोजनानं जात मरत नाही, हे बाबासाहेबांनीच १९३६ साली लिहिलं; मग टेबलासाठी भांडण कशाला? अरे, एकत्र बसून मरत नसेल, पण वेगळं बसवलं की ती दोन वेळ पोसली जाते, तीही मेसच्या खर्चानं.

पोलादपुराहून एसटीनं महाडच्या कॉलेजात येणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्या कँटीनात कागद नसेल. तरी कोण कुणाशेजारी बसतं, कोण उठून जातं, महिनाभर बघा. लिहा, पुढच्या अंकाला धाडा.