तुळशीचं पाणी

नानांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले. माजघरात आई आणि मी उरलेले तांदूळ डब्यात भरत होतो. आईने एकदम विचारलं, "मी तुळशीचं पाणी घातलं, तेव्हा हे होते ना गं? तू तर रोज हेच बघतेस."

पॅथॉलॉजीत माझी 32 वर्षं गेली. मेलेली पेशी कोणती आणि जिवंत कोणती, हे सांगण्यावरच माझं पोट चाललं. तरी मला उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी पहाटे 5 वाजता नानांच्या छातीत जळजळ सुरू झाली. पित्त म्हणून त्यांनी थंड दूध घेतलं. साडेसातला दरदरून घाम आला आणि ते पलंगावर कलंडले. गाडी येईपर्यंत आईने देवापुढची पंचपात्री आणली. घातलेलं पाणी अर्धं गालावरून ओघळलं. उरलेलं घशाखाली उतरलं की नाही, हे तिला कळलं नाही. तिचा सगळा प्रश्न त्या अर्ध्या घोटाचा होता.

रक्त अडलं की हृदयाची पेशी मिनिटा-दोन मिनिटांत आकुंचन पावायचं सोडते, पण मरत नाही. सोडियम बाहेर उपसणाऱ्या पंपाला ऊर्जा पुरत नाही, पाणी आत शिरतं, पेशी फुगते. या घडीला रक्त परत मिळालं तर ती सावरते. रक्त पूर्ण अडलेलं असेल तर साधारण 20 ते 40 मिनिटं ती अशी उंबऱ्यावर असते. मग आवरण फाटतं, कॅल्शियमचा लोंढा आत येतो आणि आतलं ट्रोपोनिन रक्तात उतरतं. तिथून परत येणं नाही. पण हे सगळ्या पेशींचं एकदम होत नाही. मरण हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जातं, त्याला काही तास लागतात. साडेसातला नानांच्या हृदयात मेलेल्या, मरू घातलेल्या आणि धडधाकट पेशी एकमेकींना लागून होत्या, असंच मला वाटतं.

आणि मी रोज बघते ते तरी काय? पेशी मेल्यावर पहिले चारेक तास आमच्या नेहमीच्या रंगवलेल्या स्लाइडवर काहीच उमटत नाही. ती जिवंत पेशीसारखीच दिसते. पुढे केंद्रक आक्रसतं, विरून जातं, पण आकार मात्र कित्येक दिवस शाबूत राहतो, माणसं सोडून गेलेल्या वाड्यासारखा. भिंगातून मला मरण दिसतं ते नेहमी होऊन गेल्यावर. ते होत असताना मी एकदाही पाहिलेलं नाही.

पेशींचं एक शिस्तीचं मरणही असतं. केर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये त्याला अपॉप्टोसिस म्हटलं. मूळ ग्रीक शब्द पानगळीचा आहे. गर्भातल्या हाताची बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशा गळून जातात म्हणून. व्याख्यानांत लोक याची समाधीशी सांगड घालतात. मला ते पटत नाही. पेशीला संकल्प नसतो. आणि नानांच्या बाबतीत तरी हा दिलासा मला आईपुढे ठेवता येत नव्हता. त्यांच्या पेशी गुदमरून गेल्या.

मला आठवला तो माझा कीर्तनकार मामा. तो सांगायचा, पाच प्राण आणि पाच उपप्राण; त्यातला धनंजय मेल्यावरही देह सोडत नाही, कवटी फुटेपर्यंत थांबतो. मला पोथीत विज्ञान शोधायचं नाही. धनंजय कुठल्या स्लाइडवर मिळणार नाही. पण प्राण एका झटक्यात जात नाही, देहात काहीतरी मागे रेंगाळतं, हे ज्यांना सुचलं त्यांनी प्रेताजवळ रात्र काढलेली असणार. आपला 1994 चा अवयवदानाचा कायदाही याच अडचणीशी झुंजतो. मस्तिष्कस्तंभ मेला तर हृदय धडधडत असतानाही माणूस मृत ठरतो. पण त्यासाठी चार डॉक्टर लागतात, आणि त्याच तपासण्या किमान 6 तासांनी पुन्हा कराव्या लागतात. ती रेघ आपण माणसांनी ओढलेली आहे. ती ओढावी लागते, हे मला मान्य आहे. पण आईच्या हातातल्या पळीला ती लागू होते, असं मला वाटत नाही.

मी पोचले तेव्हा 10 वाजले होते. नेत्रपेढीची माणसं 11 ला आली. आईनेच फोन करायला लावला होता. त्यांनी बुबुळांवरचे पारदर्शक पडदे काढून नेले. ते जिवंत होते, म्हणून तर नेले.

मी हातातला तांदूळ डब्यात टाकला. "आई, किती होते ते नाही सांगता येत मला," मी म्हटलं, "पण होते. साडेसातला बरेच होते."

आईने झाकण लावलं, तळव्याने दाबून बघितलं.

"मग एकच पळी का घातली मी," ती म्हणाली.