काजव्यांच्या रानात जाताना

मे सरत आला, वळवाचे दोन-चार पाऊस झाले, की गाड्या राधानगरीच्या वाटेला लागतात. रानात काजवे फुललेले असतात. सुट्टीतल्या पोरांना ते दाखवावेत, की त्यांच्या रात्रीत आपण पाऊलच टाकू नये? कोडोलीतल्या एका घरातला हा संवाद त्याच पेचाबद्दलचा आहे. अण्णा शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पुतणी दोन मुलांची आई.

पुतणी : अण्णा, शनिवारी पोरांना राधानगरीला न्यावं म्हणतेय. अमेरिकेतल्या ताईनं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या नाताळच्या रोषणाईचा व्हिडिओ पाठवला, तेव्हापासून मागं लागलीत. १९८२ पासून तिथं हिवाळ्यात लाखो दिवे लावतात म्हणे. आपल्याकडं तर रानच उजळतंय की!

अण्णा : दोन्हींत फरक आहे, पोरी. तिथं दिवा माणसाचा, जनावर त्याच्या शेजारी. इथं जीव हाच दिवा. आणि तो आपल्यासाठी लागलेला नाही. काजव्याची अळी कित्येक महिने ओल्या पाल्यात गोगलगाई खाऊन काढते. पंख फुटल्यावर हाताशी उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात नरानं लुकलुकून हाक मारायची, गवताझुडपात बसलेल्या मादीनं उत्तर द्यायचं, अंडी घालायची. प्रत्येक जातीची लय वेगळी. मध्येच हेडलाइटचा झोत आला, की हाकही बुडाली आणि उत्तरही.

पुतणी : पण बघितल्याशिवाय माया कशी लागणार? काजव्याला उजेड देणारं पुस्तकातलं ल्युसिफेरिन पोरं परीक्षेपुरतं पाठ करतील. काजवा तळहातावर बसला, पोटाच्या टोकाचा तो हिरवट-पिवळा उजेड बोटांच्या फटीतून झिरपला आणि तरी हाताला जराही ऊब लागली नाही, हे ज्यानं अनुभवलं तो झाडाला कुऱ्हाड लावताना दहादा विचार करेल.

अण्णा : बघितलं म्हणजे राखलं, असं होत नाही. त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ ला मार्था मेली. पॅसेंजर पिजन जातीचं ते शेवटचं कबुतर. एकेकाळी ही कबुतरं अब्जांनी होती. थवा निघाला की ऊन झाकोळायचं. साऱ्या मुलखानं ती बघितली होती, नवल केलं होतं. तरी थवे कुठं उतरलेत ते तारेनं कळवून आणि मांस रेल्वेनं शहरात धाडून माणसांनीच ती संपवली.

पुतणी : मग दाजीपूरचं काय? ते तर संस्थानिकांचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये तिथंच गव्यांचं अभयारण्य झालं, १९८५ मध्ये त्यात राधानगरीचा भाग जोडला गेला. बंदूक घेऊन येणाऱ्यांचं रान टिकलं, मग नुसतं बघणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?

अण्णा : रास्त आहे. पण ते रान बघण्यानं टिकलं नाही, बंधनानं टिकलं. आधी दरबाराचा धाक, मग कायदा. येणाऱ्यानं कुठं थांबायचं हे ठरलेलं होतं.

पुतणी : थांबायचं ते आमच्यासारख्यांनीच का? पुण्या-मुंबईच्या गाड्या येणार आणि जिल्ह्यातल्या पोरांनी घरी बसायचं? शिवाय त्या गावांतल्या माणसांना या दिवसांत जेवणा-मुक्कामाचे चार पैसे मिळतात. कुणीच गेलं नाही, तर काजव्यांचं झाड आणि सरपणाचं झाड यांत त्यांना फरक तो काय?

अण्णा : याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. ज्याचं पोट रानावर आहे, त्याला नुसतं रान राख म्हणायचा हक्क मला नाही. म्हणून मी जाऊ नको म्हणत नाही. फक्त एक कसोटी लाव. आपण गेलो नसतो तर त्या झाडावरची रात्र जशी गेली असती, तशीच ती आपण असतानाही जाते का? जात असेल तर खुशाल जा. नसेल तर पैसे भरलेत, लांबून आलोय, पोरं हिरमुसतील, यातलं एकही कारण चालायचं नाही.

पुतणी : हीच कसोटी ताईच्या प्राणिसंग्रहालयाला लावली तर?

अण्णा : लावायचीच. जनावरं थंडीच्या रात्री बंद घरात निवांत झोपली असतील, दिवे आणि गाणी त्यांच्यापासून लांब असतील, तर त्या रोषणाईत मला खोट दिसत नाही. पण दिवे पिंजऱ्यासमोरच नाचत असतील, तर तिकिटाचा पैसा जनावरांवरच खर्च होतो एवढ्यानं भागत नाही. ज्याच्या नावानं पैसा गोळा करायचा त्याचीच झोप मोडायची, हा न्याय नव्हं.

पुतणी : मग असं करते. एकच गाडी. दिवस मावळायच्या आत गावात पोचायचं, मुक्कामही तिथंच, म्हणजे रात्री गाडी हलवायला नको. मोबाईल खोलीत. वाट सोडून गवतात पाय टाकायचा नाही.

अण्णा : आणि तो तळहातावरचा काजवा?

पुतणी : ... तोही नाही. त्याच्याकडं दिवस किती थोडे आहेत, हे कळल्यावर त्यातली एक रात्र मुठीत धरवणार नाही. पोरं लांबूनच बघतील.

अण्णा : आपल्या चाहुलीनं एखादं झाड विझलं तर?

पुतणी : मागं फिरायचं. का फिरलो तेही पोरांना तिथंच सांगायचं.

अण्णा : मग मीही येतो.

मला यात पुतणीचा निर्णय मोलाचा वाटतो. तिनं आनंद सोडला नाही, त्यातला हव्यास सोडला. ज्या अनुभवासाठी ती भांडत होती तोच तिनं आपणहून बाजूला ठेवला, आणि पोरांना शिकवण्याजोगं याहून मोठं काही त्या रानात नाही. तुम्ही राधानगरीला जा, भंडारदऱ्याला जा, की घराजवळच्या ओढ्याकाठी. पण हेडलाइट, बॅटरी आणि मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा, आवाज बेतात ठेवा, वनखात्यानं सांगितलेली वेळ पाळा. एवढं जमणार नसेल, तर या वर्षी जाऊ नका.